डोरोथीचं माहेर

परवा आमच्या शेजारच्या घरात नवीन माणसं राहायला आली. तिशीतलं गोरं जोडपं आणि दोन कुत्री. मी केळ्याचा केक घेऊन गेले, नावं सांगून झाली, यंदा बर्फ फार पडला यावर एकमत झालं, आणि माझ्या तोंडून निसटलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

"ट्रॉय. इथेच वाढलो," तो म्हणाला.

"ते झालं हो. पण मूळचे?"

माझ्या नवऱ्याने, अनिकेतने, मागून माझं जॅकेट ओढलं. घरी आल्यावर म्हणाला, "अगं, हा प्रश्न ते आपल्याला विचारतात यार! आपण त्यांना नसतो विचारायचा."

त्याचं बरोबर होतं. पण ही सवय माझी नव्हे, कुमुदकाकू नेरकरांची. ते घर त्यांचंच होतं. गेल्या फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, त्यांचा मुलगा त्यांना सिअॅटलला घेऊन गेला. तोवर मिशिगनच्या या उपनगरात त्यांनी हा प्रश्न विचारला नाही असा माणूस शोधून सापडला नसता. पोस्टमनला विचारला, गवत कापायला येणाऱ्याला विचारला, आणि दाताच्या डॉक्टरला तर अर्धा जबडा बधिर असताना विचारला. काकू अमरावतीच्या. चाळीसहून जास्त वर्षं अमेरिकेत काढली, पण समोरच्याचं गाव कळल्याशिवाय त्यांना त्याच्याशी बोलताच येत नसे.

एकदा त्यांच्या स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं. ब्रॅडली आडनावाचा प्लंबर आडवा होऊन सिंकखाली शिरला होता. काकू त्याच्या बुटांशी बोलत होत्या. "ब्रॅडली हे इंग्लंडमधल्या गावाचं नाव आहे, माहीत आहे का? म्हणजे तुम्ही आमच्यासारखेच. आम्ही नेरचे म्हणून नेरकर. तुम्ही ब्रॅडलीकर!" बूट काही वेळ हलले नाहीत. मग सिंकखालून आवाज आला, "मॅम, मला हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं." शनिवारी तो प्लंबर अंघोळ करून, भांग पाडून, आपले पूर्वज शोधायला काकूंच्या लायब्ररीत हजर. गोऱ्या माणसांना या प्रश्नाचा राग येत नसे. त्यांना तो आयुष्यात कुणी विचारलेलाच नसायचा.

लायब्ररीचं प्रकरण नेरकरकाका गेल्यानंतर सुरू झालं. काका मोटारींच्या ब्रेकचे इंजिनिअर, आल्या दिवसापासून एकाच कंपनीत. ते गेले तेव्हा मुलगा दूर, घर मोठं. "फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला तसा मी कोट घातला नि बाहेर पडली," असं काकू सांगत. तो कोट जांभळा, घोट्यापर्यंत आणि दोन काकू मावतील एवढा होता. त्याच्या खिशात पेन्सिली, बडीशेप, भिंग आणि चष्म्याच्या दोन जोड्या असत. लायब्ररीच्या तळघरात स्थानिक इतिहासाची एक खोली आहे. जुनी वर्तमानपत्रं, चर्चच्या सभासदांची नोंदपुस्तकं, दफनभूमींच्या याद्या, शेतजमिनींचे नकाशे. तिथे रिटायर झालेली अमेरिकन मंडळी आपले पूर्वज शोधत बसलेली असतात. काकू पहिल्यांदा तिथे गेल्या त्या फक्त हीटिंग चांगलं होतं म्हणून.

मग त्यांना मृत्यूच्या बातम्या सापडल्या. त्या दिवशी संध्याकाळी त्या आमच्या दारात उभ्या, बुटांवरचा बर्फसुद्धा न झटकता. "अगं, हे लोक मेल्यावर सगळी नाती छापतात! सून कुठली, जावई काय करतो, बहीण कोणत्या गावी दिली, सगळं! आणि मी समजून राहिली होती की यांना नाती नसतातच."

त्या दिवसापासून काकू त्या खोलीच्या झाल्या. तिथल्या लायब्रेरियन पॅमबाईंनी खाद्यपदार्थांना मनाई असल्याची पाटी लावली होती. काकूंनी तिच्याखाली बसून सगळ्यांना चिवडा वाटला. पुढच्या आठवड्यात पॅमबाईंनी स्वतःच वाटी आणली.

काकूंचं खरं भांडण होतं ते इंग्रजी नात्यांशी. बॉब नावाचे एक निवृत्त गणिताचे शिक्षक तिथे येत. त्यांनी आपल्या अंकल फ्रँकच्या घराण्याचा माग काढत यॉर्कशर गाठलं होतं. काकूंनी विचारलं, "अंकल म्हणजे कोण? आईचा भाऊ, बापाचा भाऊ, आत्याचा नवरा की मावशीचा?"

बॉब विचारात पडले. "आम्ही त्याला नुसतं अंकल फ्रँक म्हणायचो."

"नाव नको, नातं सांगा."

बॉबनी तिथूनच बहिणीला फोन लावला. बहीण पलीकडे एवढ्या जोरात हसली की पॅमबाईंनी मान वर केली. अंकल फ्रँक हा वडिलांबरोबर बोलिंग खेळणारा मित्र होता. रक्ताचं नातं काहीच नाही. काकूंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे तुम्ही एवढे दिवस परक्याचे पूर्वज शोधून राहिले!" त्यानंतर त्या खोलीतल्या पांढऱ्या फळ्यावर काका, मामा, आत्या, मावशी हे शब्द इंग्रजी अक्षरांत कायमचे लिहिले गेले. शेजारी पॅमबाईंनी सूचना लिहिली की मामा म्हणजे आई नव्हे. पुढे पुढे बॉब फोनवर बिनदिक्कत सांगायचे, "ही माझी आते कझिन."

कामाची काकूंची एक शिस्त होती. नवखी माणसं घाईघाईने इंग्लंडच्या नोंदींवर झडप घालायची आणि जॉन स्मिथांच्या गर्दीत हरवायची. काकू त्यांना मागे ओढत. "आधी इथलं घर धुंडाळा, मग समुद्र ओलांडा," हे त्यांचं वाक्य. माणूस इंग्लंडहून आला, इथे शेती केली, लग्न केलं, मेला. कुठेतरी त्याने आपल्या गावाचं नाव सांगितलं असणारच. चर्चमध्ये, वर्तमानपत्रात, नाहीतर थडग्याच्या दगडावर. ते नाव इथे मिळालं की मग तिकडच्या चर्चची जन्ममृत्यूची नोंद उघडायची. त्यांना फ्रीवेवर गाडी चालवायचा तिटकारा, त्यामुळे दूरच्या गावांना जायचं तर सारथी मी. फोन यायचा, "काय करून राहिली? जॅकेट घाल, एक म्हातारा बघून येऊ." म्हातारा कुठल्यातरी मक्याच्या शेताकडेला कधीचा पुरलेला असायचा.

एवढ्या धीट बाईचा एक कोपरा मात्र मला कधी आवडला नाही. आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू असलं की काकू सगळ्यांच्या आधी येत, तिळगूळ वळत, मुलींच्या साड्यांच्या निऱ्या काढून देत आणि बायका यायला लागल्या की स्वयंपाकघरात जात. ओटी भरताना बाहेर येत नसत. मी एकदा चिडून म्हटलं, "काकू, कोण मानतं आता? आम्ही नाही मानत. तुम्ही इथे या, तुम्हीच भरा."

त्या कढईतून मान वर न करता म्हणाल्या, "मी तरी कुठे मानते? पण समोरची मानत असली तर तिचा दिवस कशाला खराब करू? तू भर. मी चहा बघते."

मी वाद घातला नाही. पण वाईट वाटलं, आणि दर संक्रांतीला वाटत राहिलं.

रस्त्याच्या पलीकडे डोरोथी राहते. वय ऐंशीच्या पुढे, उंच, किंचित वाकलेली, टेलिफोन कंपनीतून रिटायर झालेली. नेरकर नवीन आले तेव्हा पहिल्या हिवाळ्यात काकूंची गाडी बर्फात रुतली होती. ही बाई चपलांवर धावत आली आणि चाकाखाली मांजराच्या शी-शूसाठी घरात ठेवतात ती वाळू ओतून गाडी बाहेर काढून दिली. तेव्हापासूनची मैत्री. दोघींचे नवरे एकापाठोपाठ गेले. डोरोथीची मुलगी ॲरिझोनात. एकमेकींच्या घराच्या किल्ल्या एकमेकींकडे. तर या डोरोथीला काकूंनी मूळ गाव विचारलं की ती हात उडवून म्हणायची, "इंग्लंड म्हणतात. आम्ही हार्डिंग म्हणजे कुठलेच कोणी नाही गं, कुमुद."

हे काकूंना सहन होत नसे. "असं कसं? माणूस आहे म्हणजे गाव असणारच!"

डोरोथी वरवर हसायची, पण तिला ते लागलेलं होतं. भाऊ नव्हता, चुलत कोणी उरलं नव्हतं, तिच्यानंतर हार्डिंग हे तिचं माहेरचं नावच संपणार होतं. एकदा ती काकूंना म्हणाली, "गुडघे चालतायत तोवर एकदा त्या जागेवर उभं राहायचंय. बास. मग काही नको." मुलीने तिकिटांचे पैसे द्यायचं कबूल केलं. जागा शोधायचं काम काकूंचं.

डोरोथीचे पणजोबा मिशिगनमध्ये आलेले पहिले हार्डिंग. पूर्ण नाव विल्यम एलिस हार्डिंग. इथल्या जुन्या वर्तमानपत्रात त्यांच्या मृत्यूची बातमी होती, पण गाव दिलेलं नव्हतं. नुसतं लिंकनशर परगणा. काकूंना नाव बघूनच स्फुरण चढलं. विल्यम एलिस हार्डिंग! म्हणजे बापाचं नाव एलिस! लिंकनशरमधल्या ऑस्टनबी नावाच्या गावात एलिस हार्डिंग सापडलाही. त्याला विल्यम नावाचा मुलगा, वय जुळत होतं. शिवाय हा एलिस पवनचक्कीचा मालक, आणि ती पवनचक्की अजून उभी. आता तिथे पाहुण्यांच्या खोल्या होत्या.

त्या आनंदाचं वर्णन काय करू! काकूंनी श्रीखंड केलं. डोरोथीने पवनचक्कीचं चित्र फ्रेम करून फायरप्लेसवर लावलं आणि चर्चमध्ये सगळ्यांना "आमची मिल" सांगत सुटली. मे महिन्याची तिकिटं काढली, पवनचक्कीतली खोली बुक केली. मी नेमकी तेव्हाच पुण्याला जाणार होते. "लंडनवरून जा," काकूंनी फर्मान काढलं. "तिथे डावीकडून गाडी चालवतात. आमच्यापैकी कोणाला जमणार? तू पुण्यात चालवली आहेस, तुला इंग्लंड म्हणजे काय!"

मार्चमधल्या एका शनिवारी बॉब नवजात नातवाचा फोटो घेऊन लायब्ररीत आले. नातवाचं नाव हेन्री टेलर अमुक तमुक. काकू म्हणाल्या, "वा! पण तुमच्या मुलाचं नाव केविन ना? मग टेलर कोण?"

"टेलर हे सुनेचं आडनाव. लग्नाआधीचं."

"ते मधे कसं आलं? मधे बापाचं नाव असतं."

"कोण म्हणतं?"

मी समोरच बसले होते. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. आपल्याकडे फॉर्मवर मधलं नाव म्हणजे बापाचं, हे आपण इतकं गृहीत धरतो की दुसरं काही असू शकतं हे डोक्यातच येत नाही. काकूंनी स्वतःच्या मुलाच्या मधे नेरकरकाकांचं नाव लावलं होतं, सगळ्या ओळखीच्या मराठी मुलांच्या मधे बापाचंच होतं. "बायकांची मधली नावं निराळी असतात हे मला दिसत होतं गं," त्या मला गाडीत म्हणाल्या. "पुरुषांचं मला वाटलं आपल्यासारखंच. पोस्टमनपासून प्रेसिडेंटपर्यंत प्रत्येकाचा बाप मी मनातल्या मनात ठरवून ठेवलाय!" मी हसले. त्या हसल्या नाहीत.

घरी येऊन त्यांनी ऑस्टनबीच्या नोंदी पुन्हा उघडल्या. या वेळी जन्माच्या नव्हे, दफनाच्या. एलिस हार्डिंगचा विल्यम तिथेच सापडला. तान्हेपणीच गेलेला. तो मिशिगनला कुठून येणार? पहिल्या वेळी आनंदाच्या भरात काकूंनी ते पान बघितलंच नव्हतं, आणि इथल्या दफनभूमीही धुंडाळल्या नव्हत्या. स्वतःचं वाक्य स्वतःच विसरल्या होत्या.

मी म्हटलं, "काकू, डोरोथीला सांगायलाच हवं का? तिचं वय बघा. एवढी खूश आहे. जाऊन येईल, फोटो काढेल, कोणाचं काय बिघडणार आहे?"

काकू माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी चहा गाळायला उठले. "परक्याच्या दारात उभं करू तिला? नि ती त्याला आपलं समजून डोकं टेकवेल?" त्यांनी जांभळा कोट चढवला. "चल माझ्यासंगे. एकटीची हिंमत नाही."

डोरोथीच्या बैठकीत पवनचक्कीच्या चित्राखाली बसून काकूंनी सगळं सांगितलं. आडवळण नाही, सबब नाही. माझी चूक झाली, मी आमची रीत तुमच्यावर लादली, हे तुझे लोक नव्हेत. डोरोथीने चित्राकडे बघितलं. मग तिला हसू आलं. "म्हणजे गेले कित्येक रविवार मी दुसऱ्याच्या मिलच्या बढाया मारतेय?" तिने चष्मा काढून पुसला, आणि हसू ओसरलं. "असो. मग मी परत कुठलीच नाही."

"नाही कशी?" काकू ताडकन म्हणाल्या. "एलिस आहे ना! एलिस बाप नव्हे. बॉबच्या नातवासारखं असेल तर एलिस हे आईचं माहेरचं आडनाव. पवनचक्की गेली, पण तुला एक आजी मिळाली!"

तिकिटं तशीच ठेवली. पवनचक्कीतली खोली तेवढी कॅन्सल केली. हाताशी पाचसहा आठवडे होते, आणि काकू पहिल्या पायरीपासून सुरू झाल्या. इथलं घर आधी.

मिशिगनच्या माणसाला गाव विचारलं की तो उजवा तळहात पुढे करून त्यावर बोट ठेवतो, कारण राज्याचा नकाशाच तसा आहे. डोरोथीने अंगठ्याच्या बुंध्याशी बोट ठेवलं. पणजोबा तिथे पुरलेले होते. आम्ही तिघी गेलो. बर्फ अर्धवट वितळलेला, वारा कान कापणारा. पणजोबांच्या दगडावर काही नवीन नव्हतं, पण शेजारी एक बुटका दगड शेवाळलेला उभा होता. त्यावरची अक्षरं झिजून सपाट झाली होती. काकूंनी मऊ ब्रशने, नुसत्या पाण्याने तो साफ केला. मग कोटाच्या आतून त्यांनी काय काढावं? जेवणाचं स्टीलचं ताट. "उन्हात धर," त्या मला म्हणाल्या. "समोरून नको, बाजूने. तिरपा उजेड पाड." मी ताट तिरकं केलं, ऊन दगडावर घासत गेलं आणि सपाट दगडातून अक्षरं वर उठली. जेकब हार्डिंग. विल्यमचा भाऊ. आणि खाली, लिंकनशरमधल्या एका गावाचं नाव! डोरोथीने मला आणि ताटाला एकदमच मिठी मारली.

बॉब आणि पॅमबाईंनी त्या गावाच्या नोंदी धुंडाळल्या. जेकब होता. आईबाप थॉमस आणि सुझॅना. जेकबच्या मागची चार भावंडं होती. विल्यम मात्र नव्हता. बॉब गणिताचे शिक्षक, त्यांनी मार्कर खाली ठेवला. "सगळी मुलं आहेत आणि हा नाही, म्हणजे हा यांचा नाही, कुमुद. आय ॲम सॉरी."

काकू फळ्यापुढे उभ्या होत्या. "विल्यम जेकबपेक्षा मोठा ना?"

"दोन वर्षांनी."

"म्हणजे पहिला. थॉमस आणि सुझॅनाचं पहिलं मूल." काकू वळल्या. "मग इथे कशाला शोधून राहिले? पहिलं बाळंतपण माहेरी!"

खोलीत कोणाला काही कळलं नाही. काकूंनी त्यांना समजावून सांगितलं. पहिलटकरीण आईकडे जाते. वाढलेलं ताट, तेल लावायला आई, रात्री मूल घ्यायला बहीण. "माझा मुलगा इथे झाला तेव्हा माझी आई अमरावतीत होती नि मी रडली होती," त्या म्हणाल्या. "सुझॅना तर बैलगाडीच्या अंतरावर होती, ती का नाही जाणार?" पॅमबाई हळूच म्हणाल्या, "मीसुद्धा पहिल्या वेळी आईकडेच गेले होते."

लग्नाची नोंद बघितली. थॉमस हार्डिंग, त्याच गावचा. वधू सुझॅना एलिस, मार्लथॉर्प गावची. काकूंनी एलिस या शब्दावर बोट ठेवलं आणि खुर्चीत बसल्या. मार्लथॉर्पच्या त्या वर्षांच्या नोंदी कॉम्प्युटरवर नव्हत्या. पॅमबाईंनी तिथल्या चर्चला ईमेल केला. चर्चचं काम बघणाऱ्या जीन नावाच्या बाईंचं उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्या दिवसांत काकू दोनदा मीठ घालायला विसरल्या आणि एकदा साखरेऐवजी घालून बसल्या. उत्तर आलं ते लायब्ररीत, शनिवारी, सगळे असताना. बाप्तिस्मा झाला होता. विल्यम एलिस, थॉमस आणि सुझॅना हार्डिंग यांचा मुलगा. आजोळच्या चर्चमध्ये. बॉबनी खाडकन उभं राहून काकूंना सॅल्यूट ठोकला. पॅमबाईंनी फळ्यावर आत्या-मावशीच्या खाली "माहेर" लिहिलं.

आणि आम्ही मे महिन्यात खरंच मार्लथॉर्पला गेलो. मी डावीकडून गाडी चालवत होते. डोरोथी शेजारी नकाशा उलटा धरून बसलेली, आणि मागे काकू प्रत्येक पाटीवरचं गाव वाचून त्या गावच्या ओळखीच्या आडनावांची उजळणी करत होत्या. वाटेत एका सुपरमार्केटमध्ये त्या उतरल्या आणि नारळ घेऊन आल्या. मला वाटलं, चटणी करायची हुक्की आली असेल.

काकू सिअॅटलला निघाल्या तेव्हा एअरपोर्टवर सोडायला मी गेले होते, पण डोळ्यांपुढे त्या येतात त्या तिथल्या नव्हे. येतात त्या मार्लथॉर्पच्या चर्चच्या अंगणातल्या.

चर्च लहानसं, दगडी, भोवती ओलं गवत. जीनबाईंनी दार उघडलं आणि बाप्तिस्म्याचं दगडी पात्र दाखवलं. तेच, तेव्हाचंच. डोरोथीने त्या कोरड्या दगडात हात घातला आणि बराच वेळ काढला नाही. अंगणात एलिस नावाचे पुष्कळ दगड होते. डोरोथी प्रत्येकापाशी थांबली, प्रत्येकाला हात लावला. "एवढे सगळे?" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. जीनबाई म्हणाल्या, की आता मात्र गावात एलिस कोणी उरलेलं नाही.

निघायची वेळ झाली तशी काकूंनी मला बाजूला घेतलं. खांद्यावरच्या पिशवीतून तांदळाची पुडी निघाली, हळकुंड, सुपारी, हिरवा खण. आणि तो नारळ. सगळं त्यांनी माझ्या हातात दिलं. "मुलगी माहेराहून रिकामी जात नाही. भरायला इथे कोणी नाही राहिलं. तू सवाष्ण आहेस, तू भर." तेव्हा मला कळलं, मला इतक्या लांब का आणलं होतं. डावीकडची गाडी हे निमित्त होतं.

डोरोथीने विचारलं, हे काय आहे. काकूंनी सांगितलं, माहेरहून निघणाऱ्या लेकीला पदरात हे घालतात, पुन्हा ये म्हणून. डोरोथीला पदर नव्हता. तिने रेनकोटाची पुढची बाजू दोन्ही हातांनी धरून समोर पसरली. माझ्यापुढे नाही. काकूंपुढे.

"माझ्याकडे नको," काकू म्हणाल्या. "तिच्याकडे."

"का? मला इथे तू आणलंस."

"मी विधवा आहे, डोरोथी. आमच्यात विधवा बाई भरत नाही."

"मीसुद्धा विधवा आहे," डोरोथी म्हणाली. तिने कोट तसाच धरून ठेवला होता. काकू हलल्या नाहीत. वारा सुटला होता, जीनबाई काही न कळून आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत होत्या. शेवटी डोरोथी म्हणाली, "कुमुद, माझे हात दुखायला लागलेत."

काकूंनी माझ्या हातातून नारळ काढून घेतला. खण ठेवला, नारळ ठेवला, सुपारी, हळकुंड ठेवलं. मग दोन्ही हातांची ओंजळ करून तांदूळ घातले, पुन्हा घातले, पुडी संपेपर्यंत घातले. मला रडू आवरलं नाही. काकू रडल्या नाहीत, त्या डोरोथीवर ओरडल्या, "नीट धर, सांडून राहिले!"

गाडीत डोरोथी ओटी मांडीवर घेऊन बसली आणि सीटबेल्ट तिने नारळाच्या वरून लावून घेतला. "आता कुठे?" तिने विचारलं.

"आता सासरी," मागून काकू म्हणाल्या. "ट्रॉय, मिशिगन."

गाडी वळवताना मी आरशात बघितलं. काकू आपल्या उघड्या तळहातांकडे बघत होत्या. एका तळव्याला तांदळाचा दाणा चिकटून राहिला होता. तो त्यांनी बोटाने उचलला आणि तोंडात टाकला.